निरागसता की अप्रूप?

साताऱ्याच्या एका कवयित्रीने विचारलं आहे: लहानपणी कासच्या पठारावर 'सीतेची आसवं' ही फुलं पाहून हरखून जायचे. पुढे शाळेत कळलं की ती वनस्पती कीटकभक्षी आहे, ओल्या मातीतल्या बारीक पिशव्यांमध्ये सूक्ष्म जीव ओढून घेते. त्यावर लिहिलेल्या कवितेत 'माझी निरागसता हरवली' अशी ओळ आहे. शब्द बरोबर आहे का?

माझ्या मते नाही. 'आगस्' म्हणजे अपराध, पाप. ते ज्याला शिवलेलं नाही, तो निरागस. तुमच्या कवितेत पापपुण्य कुठे आलं? पिशव्यांची गोष्ट कळल्याने मूल अपराधी होत नाही. जातं ते भाबडेपण, म्हणजे ही खरोखर सीतेची आसवं आहेत हा भरवसा. आणि पुढे कधीतरी जातं ते अप्रूप.

'अप्रूप' हा 'अपूर्व'चाच बोलीतून घडलेला अवतार. पूर्वी न पाहिलेलं, ते अपूर्व. लहान मुलाला सगळंच पहिल्यांदा दिसतं, म्हणून तुमच्या कवितेला तो शब्द चपखल बसतो. आपल्याकडे गावात 'अप्रूक'ही म्हणतात. कवितेत म्हातारी बोलत असेल तर बिनधास्त वापरा.

मात्र क्रियापद सांभाळा. 'अप्रूप हरवलं' असं कुणी म्हणत नाही. हरवते ती वस्तू. अप्रूप 'वाटतं', 'असतं' आणि मग 'राहत नाही' किंवा 'उरत नाही'. एका क्षणी निसटण्यापेक्षा ते झिजून संपतं. नवलाईचंही तसंच, म्हण तर तिला नऊच दिवस देते. 'विस्मय' मला इथे फार पुस्तकी वाटतो.

एक अडचण आहे. अप्रूप हा नुसता बालपणाचा शब्द नव्हे, दुर्मिळतेचाही आहे. जत-आटपाडीसारख्या दुष्काळी भागात पावसाचं अप्रूप ऐंशीच्या माणसालाही असतं. कासला सात वर्षांनी फुलणारी कारवी पाहायला गाड्यांची रांग लागते, तेही अप्रूपच. म्हणजे लहान वय ओळीत वेगळं आणावं लागेल. नुसत्या शब्दातून ते येणार नाही.

आणि 'कुतूहल' गेलं असं मात्र लिहू नका. पिशव्यांबद्दल ऐकून तुम्ही पुन्हा खाली वाकून पाहिलं असेल, तर ते त्याच दिवशी सुरू झालं. 'सीतेची आसवं मला आता खरी वाटत नाहीत' एवढी साधी ओळही चालेल. मला तर तीच जास्त आवडेल.