न वाजवणाऱ्या मित्राला मानधनात वाटा द्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बँडमधला एक मित्र गात नाही, वाजवत नाही, पण प्रत्येक कार्यक्रमाला येतो, सामान चढवतो-उतरवतो. मानधन वाटताना त्याला धरायचं का, आणि धरलं तर किती?

धरा. पूर्ण वाटा द्या आणि याच सीझनपासून द्या. आम्ही हे तीन वर्षं उशिरा केलं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आमचा कुडाळ भागातला छोटा ऑर्केस्ट्रा आहे. दोन गायक, ढोलकी-तबला, ऑक्टोपॅड, बेस गिटार, निवेदक आणि कीबोर्डवर मी, असे सात जण. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की शिमग्यापर्यंत आमचा हंगाम. मधे लग्नं, सत्यनारायणाच्या पूजा, क्रिकेटच्या बक्षीस समारंभाची रात्र. गणपतीत पुन्हा थोडी धावपळ.

आठवा माणूस माझा शाळेतला मित्र. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला आहे, विहिरीवरचे जळालेले पंप दुरुस्त करतो. आम्ही त्याला वायरमन म्हणतो. महाशिवरात्रीला देवगडच्या बाजूला आमचा कार्यक्रम होता आणि याला कुंकेश्वरची जत्रा बघायची होती. टेम्पोत जागा होती, आला. पुढच्या वेळी पण आला. चौथ्या-पाचव्या वेळेपासून स्पीकर तो उचलायला लागला, आणि दुसऱ्या वर्षी अशी पाळी आली की माझ्या कीबोर्डचा अडॅप्टर कुठल्या पेटीत आहे हे मला त्याला विचारावं लागायचं.

तो काय करतो हे एका वाक्यात सांगणं कठीण आहे. केबलचंच घ्या. आम्ही सगळे कार्यक्रम संपला की केबल कोपर आणि पंजाभोवती गरागरा गुंडाळायचो, दोर गुंडाळतात तशी. त्यानं ते बंद केलं. एक वेढा सरळ घ्यायचा, पुढचा वेढा मनगट आतल्या बाजूला वळवून उलटा घ्यायचा. असं केलं की केबलला पीळ पडत नाही आणि दुसऱ्या दिवशी एक टोक धरून फेकली की सरळ सुटत जाते. कोपरावर गुंडाळलेली केबल आतून तुटते, बाहेरून धड दिसते, आणि नेमकी गौळण सुरू झाल्यावर खरखरते. हे मला तीन वेळा शिकवलंय त्यानं. हात अजून कोपराकडेच जातो.

मग खारी हवा. आमच्याकडे किनाऱ्याला महिनाभर कार्यक्रम केले की जॅकच्या पिनांवर हिरवट थर चढतो. तो पावसाळ्यात दुकानाच्या माळ्यावर बसून एकेक पिन ब्रशनं साफ करतो, आणि बुटांच्या खोक्यांत मिळणाऱ्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या गावभरातून जमवून आमच्या पेट्यांत टाकतो. गायिकेला माइक ओठाला लागला की चुरचुरायचं. आम्ही समजायचो माइक खराब. यानं बघितलं तर स्टेजला अर्थिंगच नव्हतं. जांभ्याच्या जमिनीत पावसाळ्यानंतर ओल टिकत नाही, नुसती सळी ठोकून काही होत नाही. तेव्हापासून टेम्पोत एक जाड सळी, हातोडा आणि मिठाची पिशवी असते. सळी ठोकायची, बादलीभर मिठाचं पाणी ओतायचं, मग मीटर लावून बघायचं.

आदल्या रात्री मंडळाला फोनही तोच करतो. स्टेज किती फूट, लाइट थ्री-फेज आहे का, गाडी देवळापर्यंत येते की पाणंदीनं सामान वाहायचं. दापोलीकडे गेलो होतो तेव्हा जयगड-तवसाळ आणि धोपावे-दाभोळ अशा दोन्ही फेरीबोटींच्या वेळा त्याच्याच वहीत होत्या. बाकीचे सात आम्ही आपले कुठलं गाणं आधी घ्यायचं यावर भांडत होतो.

आणि याबद्दल आम्ही त्याला देत काय होतो? जेवण, जायचं-यायचं, आणि कधी आठवण झालीच तर दोनशे रुपये चहापाण्याला. आपलाच आहे की, असं म्हणून.

आता ती रात्र. गावाचं नाव लिहीत नाही. जत्रा मोठी, दुकानं भरपूर, आरती लांबल्यामुळे आम्हाला उशीर झालेला. वायरमन स्टेजमागच्या बोर्डाला मीटर लावून उभा होता. मला हाक मारली.

"दोनशे साठ दाखवता. न्यूट्रल ढिलो आसा."

मी बघितलं. स्टेजवरचे बल्ब लखलखत होते, आणि समोरच्या खाज्याच्या दुकानांतले बल्ब पिवळे, मंद. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्यांना विजेतलं कळत नाही त्यांच्यासाठी: थ्री-फेज लाइनीत वीज आणणाऱ्या तीन तारा असतात, त्या फेज, आणि तिघींची परतीची सामाईक तार म्हणजे न्यूट्रल. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजच्या मधे साधारण ४००. न्यूट्रल नीट घट्ट असेल तर कुठल्या फेजवर किती बल्ब आहेत यानं फरक पडत नाही. तो सुटला, की ज्या फेजवर भार कमी तिच्यावरचा दाब चढत जातो. एकीकडे बल्ब मंद नि दुसरीकडे लख्ख, ही त्याची खूण.

तो लाइटवाल्याकडे गेला. लाइटवाला शिडीवर होता. तिथूनच म्हणाला, "तू कोण रे सांगणारो?"

वायरमननं माझ्याकडे बघितलं. आणि मी, लिहायला आजही बरं वाटत नाही, मी म्हटलं, "जांव दी रे, उशीर जाता."

तो मीटर खिशात घालून बाजूला झाला. तिसऱ्या गाण्याला पलीकडच्या दुकानांनी मोठे हॅलोजन लावले आणि आमच्याकडचा उजेड एकदम पांढराफटक झाला. फट्कन आवाज, जळका वास. माझा अडॅप्टर, मिक्सरची पॉवर सप्लाय आणि एक स्पीकर गेला. उरलेला कार्यक्रम गावातल्या भजनी मंडळाची पेटी मागून, ढोलकीवर, माइकशिवाय केला. लोकांनी ऐकून घेतलं, चांगली माणसं होती. दुरुस्तीला आमची दोन महिन्यांची कमाई गेली.

परतताना टेम्पोत मी त्याच्यावरच चिडलो. तुला कळत होतं तर जोर का नाही केलास, म्हणून. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तेना इचारल्यान, तू कोण? माका उत्तरच गावला नाय."

माझं कारण एवढंच आहे. दोनशे रुपयांवर येणारा माणूस पाहुणा असतो, आणि पाहुणा यजमानाच्या घरात 'थांबा' म्हणत नाही. त्याला सगळं दिसत होतं. सांगायचा हक्क आम्ही दिला नव्हता.

पुढच्या सीझनच्या पहिल्या बैठकीत विषय काढला. ऑक्टोपॅडवाल्याचा विरोध होता, आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. दहा वर्षं हात घासल्यावर मला एक वाटा, आणि परवा आलेल्याला पण एक? शेवटी असं ठरलं: आधी गाडी आणि डिझेल काढायचं. उरलेल्यातले दहा टक्के दुरुस्तीच्या डब्यात. मग मुख्य गायकाला दीड वाटा, बाकी सगळ्यांना एकेक, वायरमन धरून. ऑक्टोपॅडवाला आजही मधेच एखादा टोमणा मारतो. पण त्याचे पॅड सेट कोणी करायचे म्हटलं की हाक वायरमनलाच.

वाटा मिळाल्यावर वायरमन बदलला, हे मी अपेक्षिलं नव्हतं. आधी तो हळू बोलायचा. आता लाइटवाल्याला सरळ सांगतो, "आधी माका मीटर लावूक दी, मगे काय ता वाजय." हे तो मलाही सांगतो. 'तू कोण' असं कोणी विचारलं तर म्हणतो, ऑर्केस्ट्राचा.

एकदा तर त्यानं भर रंगात आवाज बंद केला. पाहुण्यांची भाषणं लांबली होती, आम्ही नऊला सुरू झालो. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावायला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण तो दिवस त्यातला नव्हता. त्यानं आधीच पोलीस ठाण्यात विचारून ठेवलं होतं. दहाला पाच कमी असताना त्यानं मला बोट दाखवलं. पोरं नाचत होती, मंडळाचा अध्यक्ष 'अजून दोन' म्हणून ओरडत होता, आणि खरं सांगायचं तर मलाही वाजवायचं होतं. बरोबर दहाला त्यानं मिक्सरची मुख्य पट्टी खाली घेतली. अध्यक्ष त्याच्यावर धावून आला तेव्हा आम्ही सातही जण त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. साहित्य उचललं गेलं असतं तर आमचं गेलं असतं, मंडळाचं नव्हे.

मोठ्या बँडांचंही फार वेगळं नसतं. बीटल्सची गाडी सुरुवातीला चालवणारा नील ॲस्पिनॉल पॉल मॅकार्टनीचा शाळासोबती, हिशेबनीस व्हायला निघालेला. नंतर बीटल्सची स्वतःची ॲपल कंपनी (फोनवाली नव्हे, गाण्यांची) त्यानं २००७ पर्यंत सांभाळली. त्याच्या जोडीचा माल एव्हान्स टेलिफोनचा इंजिनियर होता. १९६३ च्या जानेवारीत लंडनहून लिव्हरपूलला येताना व्हॅनची पुढची काच फुटली, तर काचेविना, त्या थंडीत, त्यानं गाडी घरापर्यंत आणली. मागे ते चौघं उबेसाठी एकमेकांवर आडवे पडले होते. आमच्याकडे दशावतारी मंडळी पूर्वी पेटारे डोक्यावर घेऊन गावोगाव चालायची. त्या पेटाऱ्यात गणपतीचा मुखवटा असायचा, त्यामुळे पेटारा वाहणं म्हणजे हमाली असं तिथं कोणी म्हणत नसे.

एक सावधगिरी मात्र. नुसता गाडीत बसून येणारा, स्टेजमागे फोटो काढणारा मित्र वेगळा. त्याला जेवू घाला, वाटा देऊ नका. दोघांतला फरक ओळखायला सोपं आहे: तुमची एखादी वस्तू सापडत नाही तेव्हा तुम्ही कोणाला फोन करता ते बघा.

आणि वाटा दिलात की त्याचे परिणामही सोसायची तयारी ठेवा. गेल्या महिन्यात वेंगुर्ल्याला कार्यक्रम संपल्यावर घाईघाईत मी केबल कोपरावर गुंडाळताना त्यानं मला पकडलं. तिथंच वही काढली, माझ्या नावापुढे पन्नास रुपये दंड लिहिला आणि दुरुस्तीचा डबा माझ्यासमोर धरला. शंभराची नोट होती. सुटे पन्नास त्यानं परत दिले नाहीत, पुढच्या वेळचे म्हणून ठेवून घेतले.