बियांचं पाकीट फोडू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नर्सरीतून जांभळ्या कोनफ्लॉवरचं बी आणायचं आणि रविवारी ग्लेडवर, म्हणजे तिथल्या उघड्या खडकाळ माळावर, जाऊन उधळायचं, हा तुझा बेत वाचून आधी हसू आलं, मग धास्ती वाटली. नॅशव्हिलमधल्या पहिल्या वर्षी मीही असलंच काही करणार होतो.

ज्याच्यासाठी तू निघणार आहेस ते टेनेसी कोनफ्लॉवर हे रानफूल मुळात डेव्हिडसन, रदरफर्ड आणि विल्सन या तीन काउंट्यांपुरतंच. एकेकाळी ते नामशेष झालं असंच सगळे समजत होते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ एल्सी क्वार्टरमन यांना ते पुन्हा सापडलं. 1979 मध्ये संकटग्रस्तांच्या सरकारी यादीत गेलं, 2011 मध्ये बाहेर आलं. नर्सरीतलं जांभळं त्याचं भावकीतलंच. मधमाशी काही गोत्र विचारत नाही. दोघांचा संकर सहज होतो, आणि मग अस्सल बी हुडकत बसावं लागतं.

आता जागेविषयी, कारण खरी गंमत तिथे आहे. तू कोकणातला कातळसडा पाहिलायस ना? साधारण तसंच समज, फक्त जांभ्याच्या जागी चुनखडक. वर बोट-दोन बोटं माती. हिवाळ्या-वसंतात पाणी साचतं, उन्हाळ्यात तोच दगड तव्यासारखा तापतो. मोठ्या झाडांचा तिथे निभाव लागत नाही, म्हणून ऊन मोकळं मिळतं, आणि या फुलाला तेवढंच हवं असतं. दगडाच्या फटीत सोटमूळ खाली सोडून ते तग धरतं. सावलीत, उंच गवताच्या गर्दीत मात्र हरतं. कडेचे सीडर वृक्ष (खरं तर ते जुनिपर, पण तिथे तसं म्हणून बघ!) पुढे सरकले की त्याचं आवरतं. म्हणून तिथे मदत करायची असेल तर पेरणीपेक्षा तोडणीच जास्त लागते. ग्लेड सांभाळणाऱ्यांना विचार, करवत हातात देतील.

जूनमध्ये सकाळी लवकर जा. आत शिरण्यापूर्वी बुटांचे तळवे खरवडून घे, तणाचं बी त्यांतूनच येतं. पाय उघड्या दगडावर ठेव, शेवाळावर नको. फुलं कुठल्या दिशेला तोंड करून आहेत ते होकायंत्राने बघ आणि मला कळव. उत्तर मी आत्ता सांगत नाही.

आणि ते पाकीट इकडे शिकागोला पाठव. माझ्या परसात खुशाल उगवू दे.