पूलचं प्लास्टर झिजलं, बिल्डर आणि एएमसीवाला एकमेकांकडे बोट दाखवतायत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली सोसायटी, २०२२ ला पझेशन, स्विमिंग पूलचं पांढरं प्लास्टर आता सँडपेपरसारखं खरखरीत झालंय, पोरांचे पाय सोलवटतात. बिल्डर म्हणतो पाण्याने खाल्लं, एएमसीवाला, म्हणजे पूलच्या वार्षिक देखभालीचा कंत्राटदार, म्हणतो प्लास्टरच कच्चं होतं, आणि कमिटीला उन्हाळी सुट्टीच्या आत नवीन प्लास्टर करून मोकळं व्हायचंय.

सेक्रेटरीसाहेब, आधी ते फोडायचं थांबवा. फोडलंत की तुमचा पुरावा राडारोड्याबरोबर गेला.

रेरा, म्हणजे बिल्डरांवर बंधनं घालणाऱ्या कायद्याच्या, कलम १४(३) प्रमाणे पझेशनपासून ५ वर्षांत कामाच्या दर्जातला दोष बिल्डरला कळवला की त्याने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, त्यामुळे पझेशन लेटरवरची तारीख बघा आणि लेखी नोटीस त्या मुदतीत पोचलीच पाहिजे. पण दोष कामाचा का पाण्याचा, सगळी केस इथेच अडणार. पाण्यात कॅल्शियम कमी, पीएच आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद) खाली असली की पाणी ते कॅल्शियम सिमेंटमधून ओढतं. कॅल्शियम हार्डनेस, म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम, साधारण २०० ते ४०० पीपीएम (दर दहा लाख भागांत इतके भाग) लागतो, अल्कलिनिटी ८० ते १२०, आणि लँगेलिअर इंडेक्स (पाणी कॅल्शियम ओढणार की साठवणार हे सांगणारा आकडा) उणे ०.३ च्या खाली गेला की प्लास्टर झिजायला लागतं. पूलमध्ये टाकायच्या टीसीसीए या क्लोरीनच्या गोळ्या आम्लधर्मी, पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळपास नाहीच, आणि तुम्ही लिहिलंय की टॉप-अप सॉफ्टनरच्या लाइनवरून होतो! सॉफ्टनर कॅल्शियम काढूनच पाणी देतो हो. हे एएमसीवाल्याने सुरू केलं असेल तर ठीक, पण कमिटीने ठरवलं असेल तर भरपाईला कात्री लागेल, आधीच सांगून ठेवतो.

आता करायचं काय, तर बिल्डर आणि एएमसीवाला दोघांनाही मेल करून तारीख कळवा, येवोत न येवोत, एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबच्या माणसाकडून पाण्याचे सीलबंद नमुने घ्या, पीएच तिथल्या तिथे मोजून घ्या, आणि सिव्हिल इंजिनिअरकडून प्लास्टरचा तुकडा काढून रिपोर्ट करून घ्या. पाण्याखाली सगळीकडे सारखी झीज असेल तर संशय पाण्यावर, ठोकल्यावर पोकळ आवाज येणारे किंवा सुटलेले पॅच असतील तर कामावर. नमुने झाले की मात्र लगेच कॅल्शियम क्लोराइड टाकून हार्डनेस वर आणा, सॉफ्टनरची लाइन बंद करा, कारण हातात असलेला उपाय न करता नुकसान वाढू दिलं तर कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम ७३ खाली तेवढी भरपाई मिळणं अवघड.

एएमसीवाल्याला महारेरात (रेराचं राज्यातलं प्राधिकरण) खेचता येत नाही, तो प्रमोटर, म्हणजे प्रकल्प उभारणारा, नाही. त्याच्यासाठी ग्राहक आयोग, मुदत २ वर्षं, आणि तिथे करारात हार्डनेस तपासायची जबाबदारी लिहिलीय का हे पहिलं विचारतील. रोजच्या रजिस्टरमध्ये नुसते क्लोरीन आणि पीएचचेच आकडे असतील तर हार्डनेस तपासलाच नाही हे त्यातून दिसतं, तेही तुमच्या कामाचं आहे, म्हणून ते रजिस्टर नोटीस जायच्या आधी सोसायटी ऑफिसात आणून ठेवा, नंतर सापडत नाही.