व्यायाम सुरू केला, खाणं सुधारलं, तरी वजन वाढलं. असं का?

तीन आठवडे पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर चालणं, जोडीला जिम, तळलेलं बंद आणि तरी काटा दीड किलो पुढे, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून व्यायाम सोडू नका. यातलं बरंचसं पाणी असण्याची शक्यता आहे. सवय नसलेल्या स्नायूंना ताण पडला की त्यांना थोडी सूज येते आणि तिथे पाणी धरलं जातं. शिवाय स्नायू जास्त ग्लायकोजन (शरीरात साठवलेली साखर) साठवू लागतात, त्याच्या दर ग्रॅममागे साधारण 3 ग्रॅम पाणी येतं. 'स्नायू वाढले' असं लोक सांगतील, पण तीन आठवड्यांत दीड किलो स्नायू सहसा चढत नाहीत.

आता ताटाकडे बघा. आपल्याकडे घसरण होते ती इथेच. उकड्या तांदळाचं शीत (भात) पौष्टिक म्हणून वाढप दुप्पट होतं, हुमणात (माशांच्या आमटीत) नारळ असतोच, आणि चालून आल्यावर भूक लागते म्हणून काजू. 30 ग्रॅम काजू म्हणजे सुमारे 165 कॅलरी, तासभराच्या साध्या चालण्यातून याहून फार जास्त खर्च होत नाही. काजू खा, पण मोजून.

वजन रोज सकाळी पोट साफ झाल्यावर घ्या आणि आठवड्याची सरासरी बघा. कंबर टेपने मोजा. दीड-दोन महिन्यांनीही सरासरी चढतीच असेल, फार थकवा असेल, तर डॉक्टरांना विचारून थायरॉइड तपासा. पायांना सूज किंवा धाप असेल तर मात्र लगेच जा.