मराठी माध्यमातून शिकून थायलंडमध्ये इंग्रजी शिकवता येतं का?

प्रश्न असा आहे: "वय ३३, एम.ए. बी.एड., शाळा मराठी माध्यमाची. थायलंडला इंग्रजी शिकवायला जायचा विचार आहे. आपले उच्चार नेटिव्ह नसतात, तरी कोणी घेईल का? गेल्यावर जम बसायला काय लागतं?"

घेतात. मी मे २०१७ पासून पाच वर्षं खोन केन प्रांतातल्या एका सरकारी शाळेत इंग्रजी शिकवलं. माझी शाळा सांगली जिल्ह्यातली, झेडपीची. इंग्रजी थेट पाचवीत सुरू झालं, कारण ते पहिलीपासून आलं २००० साली, तोवर मी पुढे गेले होते. तुमच्या प्रश्नातलं "आपले उच्चार नेटिव्ह नसतात" हे वाक्य आधीच माफी मागितल्यासारखं वाटलं, म्हणून एवढं लिहितेय.

हेच वाक्य मी २०१४ साली पुण्यात ऐकलं होतं. एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत डेमो लेसन दिला. मुलं रमली होती. नंतर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ग्रामर उत्तम आहे तुमचं. पण 'व्हेरी वेल'मधले दोन्ही व तुम्ही सारखेच म्हणता. आमच्या पालकांना हे चालत नाही." घरी आल्यावर थोरल्या दिरांचं म्हणणं, "बरोबरच बोलल्या त्या. घरात बोलल्याशिवाय भाषा येत नसते." हा वाद आमच्याकडे कितीतरी दिवाळ्या चालला.

खोन केनला पोचले तेव्हा राजा भूमिबोल यांच्या दुखवट्याचं वर्ष चालू होतं. शिक्षक काळ्या कपड्यांत. मी हौसेने नेलेले रंगीत कुडते ऑक्टोबर संपेपर्यंत बॅगेतच राहिले. नोकरी देणाऱ्या एजंटने पहिल्याच दिवशी बजावलं, "पालकांनी विचारलं तर दक्षिण आफ्रिकेची म्हणून सांगा, म्हणजे नेटिव्ह समजतील." मी नाही म्हटलं. मग मला पगार २२,००० बात (थाई चलन) आणि माझ्याबरोबर लागलेल्या इंग्लंडच्या मुलाला ३५,०००. त्याच्याकडे शिकवण्याची कुठलीच पदवी नव्हती.

मला मत्तयोम दोनचे वर्ग मिळाले, म्हणजे आपली आठवी. (मत्तयोम म्हणजे आपला 'मध्यम'च.) वर्गात ४२ मुलं. पहिल्या आठवड्यात श्रुतलेखन घेतलं, तर निम्म्या वह्यांत बसचं स्पेलिंग बी-यू-टी. मुलं वाचायची तेही 'आय गो टू स्कून बाय बत'. हाऊसचं नुसतं 'हाव', फुटबॉलचं 'फुतबॉन'. तो इंग्लंडचा मुलगा स्वभावाने चांगला होता, पण त्याच्याकडे उपाय एकच: पुन्हा म्हणा, मोठ्याने म्हणा. मुलं मोठ्याने 'बत' म्हणायची.

मी घरमालकीणबाईंकडे संध्याकाळी थाई अक्षरं गिरवायला बसले. तिथे मुलं पहिलं अक्षर शिकतात 'को काय', आणि काय म्हणजे कोंबडी. क कोंबडीचा! व्यंजनं ४४, पण क्रम आपलाच: क-वर्ग, च-वर्ग, शेवटी य-र-ल-व. बाईंनी मला 'आचार्य' लिहून दाखवला. अक्षरं सगळी जागेवर, वाचायचं मात्र 'आचान'. का, तर थाईत शब्दाच्या शेवटी र आणि ल यांचा न होतो, स आणि च यांचा त होतो. शेवटच्या य च्या डोक्यावर एक बारीक वेटोळं होतं. त्याला 'कारान' म्हणतात. ते दिसलं की ते अक्षर गिळायचं.

दुसऱ्या दिवशी मुलांच्या वह्या पुन्हा बघितल्या. प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या वर पेन्सिलीने थाई अक्षरांत उच्चार लिहिलेला होता, आणि हाऊसच्या स वर तेच वेटोळं. मुलं चुकत नव्हतीच. आपल्या लिपीचा नियम ती इमानदारीत पाळत होती.

मी फळ्यावर थाईत 'हाऊस' लिहिलं आणि त्याचा कारान डस्टरने पुसला. वर्ग एकदम गप्प झाला. मग तळहात तोंडासमोर धरायला लावला. बस म्हणताना शेवटी हवा तळहाताला लागली पाहिजे, बट म्हणताना हवा अडली पाहिजे. मागच्या बाकावरची एक मुलगी चार-पाच वेळा स्वतःशीच म्हणत राहिली आणि मग तळहात माझ्याकडे वळवून हसली. ती हवा तिला लागली होती.

आता सांगा, ज्याला जन्मापासून 'बस' म्हणता येतं त्याला हे कुठून सुचणार? मला सुचलं, कारण व्ही आणि डब्ल्यू या दोघांना एकाच व मध्ये कोंबून मी वाढले आहे. ओठ कुठे लावायचा, दात कुठे, हे मी मोठेपणी आरशासमोर शिकले. शिकलेली भाषाच शिकवता येते. पुण्याच्या त्या बाईंनाही मला हेच सांगायचं होतं, आणि दिरांनाही.

जूनमध्ये 'वाय ख्रू' असतो, गुरुवंदना. ख्रू म्हणजे गुरू, आणि तो बहुतेक शाळांत गुरुवारीच करतात. गुडघ्यांवर सरकत मुलं तबक घेऊन येतात. माझ्या पुढ्यात आलेल्या तबकात इक्झोराच्या फुलांचा लाल गुच्छ, भाताच्या लाह्या, एक वांग्याचं फूल आणि दुर्वांची जुडी होती. शेजारच्या थाई बाईंनी अर्थ सांगितला: इक्झोरा तल्लख बुद्धीसाठी, लाह्या शिस्तीसाठी, वांग्याचं फूल खाली वाकतं म्हणून नम्रतेसाठी, आणि दुर्वा कितीही तुडवली तरी पसरते म्हणून चिकाटीसाठी. मी दुर्वा हातात घेतल्या आणि मला रडू आवरेना. तिकडे भारतीयांना 'खॅक' म्हणतात, म्हणजे पाहुणा. त्या दिवसानंतर निदान माझ्या वर्गापुरती तरी मी पाहुणी उरले नाही.

जम बसायला काय लागतं म्हणाल तर थाई लिपी. घर मिळतं, डाळतांदूळ मिळतात, त्यात विशेष काही नाही. लिपी पहिल्या महिन्यातच शिका. मराठी माणसाला ती गोऱ्या माणसापेक्षा निश्चित सोपी जाते. आणि कुठून आलात हे लपवू नका, कोणी सुचवलं तरी.

सगळं गोड नाही, तेही सांगते. पगारातला फरक शेवटपर्यंत पुरता मिटला नाही. भारतीय अर्जदाराकडे टोइक (TOEIC) या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल मागतात, ६०० च्या वर असू द्या. कोरियाचं कोणी सुचवेल, पण तिथला इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे आणि त्यांत भारत नाही; शिक्षक परवाना असलेल्या भारतीयांना व्यापार कराराखाली फक्त सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून वाट आहे. टुरिस्ट व्हिसावर जाऊन शिकवायला उभं राहू नका, एजंट कितीही म्हणाला तरी. नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, मग वर्क परमिट, आणि दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. तुमचं बी.एड. शिक्षक परवान्यासाठी, म्हणजे खुरुसफाच्या (तिथली शिक्षक परिषद) कागदांसाठी कामाला येईल, ते जपून न्या. शाळा मेच्या मध्याला सुरू होतात आणि माणसं त्याआधी दोन-तीन महिने शोधतात. त्यामुळे पासपोर्ट ऑफिसचं पीसीसी (पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र) आणि साक्षांकित पदव्या जानेवारीतच हातात असू द्या.