पळसाचा रंग उतरेना

प्रश्न : रंगपंचमीसाठी पळसाची फुलं रात्रभर भिजवली, पण पाणी फिकट पिवळंच राहिलं. काय चुकलं?
– एक भगिनी, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, भिजवलेली फुलं आता उकळा. माझी आजी पंचवटीतल्या वाड्यात तांब्याच्या घंगाळात उकळायची आणि शेवटी चिमूटभर खायचा चुना टाकायची. पिवळं पाणी बघता बघता केशरी व्हायचं! चुन्याच्या क्षाराने रंग गडद होतो. काळसर मखमली देठ मात्र आधी खुडून टाका, रंग पाकळ्यांत असतो.

फुलं कुठून आणलीत? शिशिराच्या शेवटी पेठ-हरसूलच्या वाटेवर निष्पर्ण पळस पेटल्यासारखे दिसतात. पाकळी पोपटाच्या चोचीसारखी, म्हणून संस्कृतात किंशुक. वास नाही, पण मधासाठी साळुंक्या, बुलबुल, सूर्यपक्षी दिवसभर झुंबड करतात. त्यांच्या तोंडचं काढू नका, खाली पडलेलीच वेचा.

आपल्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडींतही, म्हणजे रंगपंचमीला रंगाने भरतात त्या जमिनीतल्या हौदांतही, पूर्वापार फुलांचाच रंग. तिवंध्याच्या रहाडीत पहिली उडी मारून घरी आलो, तेव्हा आजीने माझा भिजलेला सदरा हुंगला आणि म्हणाली, "फुलांचाच आहे."