दशमांश ग्रॉसवर की हातात आलेल्या पगारावर? सर, आधी ते सोसायटीचं कर्ज घरी सांगा

नवापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शिक्षकांचं पत्र आलंय, प्रश्न दशमांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देण्याचा. नाव-गाव गाळून, थोडं कापून देतो:

"वय ४१. आम्ही ख्रिस्ती, वडिलांच्या वेळेपासून मंडळीत आहोत. घरी मिसेस, मुलगी १३, मुलगा ९, गावाकडे आई. पगार ग्रॉस ८२,०००, हातात ५८,००० येतो. पाळकसाहेब म्हणतात दशमांश ग्रॉसवर द्यावा, मिसेस म्हणते हातात येतं त्यावर द्या, घर भागत नाही. तिचा विश्वास जरा कमी पडतो असं मला वाटतं. तुमच्या हिशोबाने काय बरोबर? बाकी माहिती म्हणून, विम्याच्या ४ पॉलिसी आहेत, वर्षाला १,४४,००० हप्ता, फेलोशिपमधल्याच एका भावाकडून घेतल्या, टॅक्सही वाचतो. टर्म इन्शुरन्स नाही, आमचा भरवसा देवावर आहे. शिक्षक सोसायटीचं ६ लाखांचं कर्ज आहे, ११,४०० पगारातून कटतात. ते मंडळीतल्या एका भावाला पिकअप घ्यायला माझ्या नावावर काढून दिलं होतं. त्याने ९ हप्ते दिले, मागचे १४ महिने त्याला जमलं नाही. कागद केलेला नाही, भावाकडून काय लिहून घ्यायचं. मिसेसला २ लाखच सांगितलेत. मुलीला डॉक्टर करायचंय, दशमांश विश्वासूपणे दिला तर मलाखी ३:१० (दशमांश आणा, मी आशीर्वाद ओतीन, हे बायबलमधलं वचन) प्रमाणे देव सोय करेलच."

पत्रात अजून एक गोष्ट होती ती मी वर घेतली नाही, इथे सांगतो. शाळेतल्या पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब जुळत नव्हता तेव्हा सरांनी रजिस्टरवर सही करायला नकार दिला, त्यावरून बराच त्रास झाला, तरी केली नाही. म्हणजे माणूस कसा आहे ते कळलं. मी काही चर्चला जाणारा नाही, पण नंदुरबार-नवापूरकडचे बरेच लोक माझ्याकडे येतात आणि दर महिन्याला पगार झाला की पहिला दहावा हिस्सा बाजूला काढणारी माणसं मी जवळून बघितलीत, त्यांची मला कधी काळजी वाटत नाही. ज्याला १० टक्के बाजूला काढता येतात त्याला २० टक्के पण काढता येतात, सवय तीच.

तर सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पटकन देऊन टाकतो. ग्रॉसवर ८,२००, हातातल्यावर ५,८००, फरक २,४०० चा. किती द्यायचं हे तुमच्यात आणि तुमच्या देवात, त्यात मी पडत नाही. पण हिशोब विचारलाय म्हणून सांगतो, "हातात" येणारे ५८,००० हे तुमचं निव्वळ उत्पन्नच नाही. त्यातून सोसायटीचा हप्ता आधीच गेलाय, आणि कर्जाचा हप्ता हा खर्च असतो, तो वजा करून दशमांश काढायचा तर उद्या कोणी घराचा हप्ता वजा करेल, परवा मोटरसायकलचा. एनपीएसचे ७,४०० कटतात ते मात्र तुमचेच पैसे, फक्त साठीनंतर मिळणारे. त्यावर आज दिला तर पेन्शन आल्यावर परत देऊ नका, तेव्हा देणार असाल तर आज सोडा. तुमच्या आई भाताच्या दहा पोत्यांतलं एक देतात असं तुम्ही लिहिलंय, खतं-मजुरी वजा न करता, ती त्यांची रीत. पण हाच ग्रॉसचा नियम किराणा दुकानदाराला लावला तर त्याचा सगळा नफा एका रविवारी संपेल, हे पाळकसाहेबांना पण माहीत असेल. माझ्या मते ग्रॉसमधून एनपीएस सोडून जे राहतं त्याचा दहावा हिस्सा, ७,४०० च्या आसपास द्या आणि विषय बंद करा. पावती घ्या. त्यावर टॅक्सची सूट धरू नका, मंडळीकडे ८०जी (देणगीवर करात सूट देणारी नोंदणी) नसेल तर ती मिळतच नाही, आणि पुढे जी करपद्धत घ्यायला सांगणार आहे तिच्यात ८०जी नाहीच.

आता जे विचारलं नाही त्याकडे येऊ.

"टॅक्सही वाचतो." हे वाक्य वाचून मी कॅल्क्युलेटर काढला. सर, तुमचा टॅक्स वाचत नाहीये, तुम्ही फुकटचा टॅक्स भरताय! वर्षाचे ९.८४ लाख झाले. जुन्या पद्धतीत स्टँडर्ड डिडक्शन, प्रोफेशन टॅक्स, ८०सी (विमा-पीपीएफसारख्या गुंतवणुकीची वजावट) आणि एनपीएसची जादा ५०,००० ची वजावट सगळं धरलं तरी ७.३ लाखांवर कर लागतो, साधारण ६०,०००. म्हणून तर दर महिन्याला ५,००० टीडीएस कटतोय. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून ७५,००० वजा जाऊन ९.०९ लाख राहतात आणि १२ लाखांपर्यंत रिबेट आहे, म्हणजे कर शून्य. काही न गुंतवता शून्य! नवी पद्धत आता आपोआप लागू असते, जुनी हवी असेल तर तसं मुद्दाम लिहून द्यावं लागतं, म्हणजे कोणीतरी तुमच्याकडून ते लिहून घेतलं, आणि का ते उघड आहे, ८०सी ची गरजच नाही असं तुम्हाला कळलं असतं तर चौथी पॉलिसी कोणी घेतली असती? उद्या शाळेत गेलात की क्लार्कला नव्या पद्धतीचं डिक्लरेशन द्या. ह्या वर्षी जो कटलाय तो रिटर्न भरताना नवी पद्धत निवडली की रिफंड येईल, फक्त मुदतीच्या आत भरा.

आणि जरा बघा, ६०,००० म्हणजे महिन्याला ५,०००. ग्रॉस आणि हातातलं ह्यातल्या २,४०० वरून घरात वाद चाललाय आणि इकडे ५,००० विनाकारण जाताहेत.

पॉलिसींचं. चार मिळून विमा किती, १४ लाख. हप्ता महिन्याला १२,०००. वीस वर्षं भरलेत तर तुमचे खिशातले २८.८ लाख जातील आणि "५० लाखांपर्यंत" मिळतील असं सांगितलंय, ऐकायला मोठं वाटतं पण तो परतावा ५ टक्क्यांच्या आसपास पडतो. तेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी ६० लाखांच्या वर जातात, सरकारी, करमुक्त, आणि विकायला कोणी भाऊ घरी येत नाही. "चाइल्ड प्लॅन" नाव दिलं की आई-बापाचं मन विरघळतं, तेवढीच त्या नावाची किंमत. ह्या प्रकारच्या पॉलिसीत पहिल्या वर्षाच्या हप्त्याचा चांगला मोठा वाटा एजंटला जातो, तो मंडळीत तुमच्या शेजारी बसतो म्हणून कमिशन कमी होत नाही. उपासना सुटल्यावर चहाबरोबर पॉलिसी विकायची ह्या प्रकाराची मला खरंच चीड आहे, कुठल्याही धर्माच्या दारात, कारण तिथे माणूस नाही म्हणू शकत नाही.

तीन जुन्या पॉलिसींना तीन वर्षांच्या वर झालीत, त्या पेड-अप करा, म्हणजे हप्ता बंद आणि भरलेल्या प्रमाणातलं मुदतीला मिळेल. चौथी आठ महिन्यांची आहे, फ्री-लुकचे, म्हणजे पॉलिसी परत करायचे, ३० दिवस केव्हाच गेले. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या नियमांनी पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असला तर वर्ष झाल्यावर थोडी सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मध्येच सोडली की मिळणारी रक्कम) मिळते, ती किती ते शाखेतून लेखी घ्या, तोंडी नको, त्या भावाकडून तर नकोच. जे बुडेल ते बुडेल, अजून वीस वर्षं बुडवण्यापेक्षा बरं.

टर्म इन्शुरन्स, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा स्वस्त विमा, घेतला नाही कारण भरवसा देवावर. मग ह्या चार पॉलिसी कशावर घेतल्या हो? १४ लाखांपर्यंतचा विमा चालतो आणि १ कोटीचा घेतला की अविश्वास होतो, असं कुठे लिहिलंय? तुम्ही वचन लिहून पाठवलंत तर मी पण एक उघडून बघितलं, १ तीमथ्य ५:८, जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याच्याबद्दल तिथे फार कडक शब्द आहेत, मी इथे लिहीत नाही, तुम्हाला पाठच असतील. उद्या तुम्हाला काही झालं तर १४ लाखांतून सोसायटीचे साडेचार लाख फेडले तर राहिले साडेनऊ, घरखर्च ४५,००० धरला तर दोन वर्षंसुद्धा नाही. सरकारकडून मिळेल ते वेगळं, पण त्याच्या भरवशावर दोन मुलं सोडू नका. साठीपर्यंतचा १ कोटीचा टर्म तुमच्या वयाला वर्षाला २०-२५ हजारांत येतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी पण नाही. हा आधी घ्या, मेडिकल होऊन पॉलिसी हातात आली की मगच जुन्या बंद करा, उलटं करू नका.

आता ते पिकअपचं. सर, हे मी दोनदा वाचलं. पोषण आहाराच्या तांदळाचा किलो-किलोचा हिशोब मागणारा माणूस ६ लाखांची एक चिठ्ठी पण लिहून घेत नाही? १४ हप्ते म्हणजे १.६ लाख तुम्ही भरून झालेत आणि अजून साधारण साडेचार लाख मुद्दल बाकी आहे. शिवाय सोसायटीच्या कर्जाला जामीनदार लागतात, बहुतेक तुमच्याच शाळेतले दोन सहकारी असतील. तुम्ही नसलात तर त्यांच्या पगारातून कटेल. त्यांना माहीत आहे का की ते एका पिकअपचे जामीनदार आहेत? नीतिसूत्रे २२:२६-२७ काढून बघा, फेडायला काही नसताना दुसऱ्याच्या कर्जाला उभं राहणाऱ्याच्या अंगाखालचं अंथरूण जातं असं आहे तिथे, आणि ते लिहिणाऱ्याला पतसंस्था माहीत नव्हत्या. आपल्या खान्देशाला चांगल्या माहीत आहेत.

भावावर केस करा असं मी म्हणत नाही, तुम्ही करणार पण नाही. पण तोंडी उसन्या पैशाला तीन वर्षांची मुदत असते, नंतर कोर्ट दारात उभं करत नाही. ती संपायच्या आत त्याने कर्ज कबूल करून लेखी सही दिली तर मुदत परत नव्याने सुरू होते. थोडे पैसे दिले तरी तेच, फक्त ते दिल्याचं त्याच्या अक्षरात किंवा त्याच्या सहीने कागदावर पाहिजे. म्हणून घाई. आणि कसं बोलायचं ते तुमच्याच पुस्तकात दिलंय, मत्तय १८:१५-१६, आधी एकट्याने त्याच्याकडे जा, ऐकलं नाही तर एक-दोन जणांना घेऊन जा. साध्या कागदावर लिहा: इतके घेतले, इतके दिले, इतके बाकी, महिन्याला ५,००० जमत असतील तर ५,०००, दोघांच्या सह्या, तारीख. पिकअप चालते आहे ना? नवापूर-विसरवाडी हायवेला पिकअप रिकामी उभी राहत नाही, भाजी, मिरची, लग्नाचं सामान, काहीतरी भाडं मिळतंच. १४ महिने एक रुपया जमला नाही हे मला पटत नाही. त्याला खरंच जमत नसेल आणि तुम्हाला सोडून द्यायचं असेल तर सोडा, पण मग ते दान आहे असं ठरवून, बायकोला विचारून सोडा. आता जे चाललंय ते ना कर्ज ना दान.

आणि बायकोचा विश्वास. सर, रागावू नका. त्यांच्या घरात महिन्याला ११,४०० दुसऱ्याच्या गाडीला जातात, ५,००० नको असलेल्या टॅक्सला, १२,००० पॉलिसींना. २८,४०० झाले! राहिलेल्यात दोन मुलं, सासूबाईंची औषधं, गॅस, फी बघून त्या म्हणतात की दशमांश हातातल्या पगारावर द्या, म्हणजे तरी द्या म्हणतात, देऊ नका असं म्हणत नाहीत. कमी पडतोय तो किराणा. आणि त्यांना जो आकडा तुम्ही सांगितलाय तो खोटा आहे, ६ चे २ केलेत. रजिस्टरवर खोटी सही केली नाही ना तुम्ही?

मुलीच्या मेडिकलबद्दल थोडंच. मलाखीतल्या वचनावर मी बोलणार नाही, पण कॅश-फ्लोमध्ये आशीर्वादाची रक्कम मी धरत नाही, आणि लूक १४:२८ मधला बुरूज बांधणारा पण आधी बसून खर्चाचा हिशोब करतो. मुलगी १३ ची आहे, पाच वर्षं राहिली. महिन्याला १०,००० टाकलेत तर व्याजासकट सात लाख होतील. सरकारी कॉलेजला पुष्कळ झाले, खाजगी कॉलेजला त्यात बहुतेक पहिलं वर्ष पण निघणार नाही. म्हणून नीटच्या मार्कांवर भर द्या, आणि डॉक्टर नाही तर नर्सिंग, फार्मसी, बीएस्सी, हे पण तिला आत्तापासून ऐकू द्या. हे पैसे पाच वर्षांचे आहेत, शेअर बाजारात नको, रिकरिंग किंवा एफडी पुरे.

सगळं जुळवलं तर टॅक्सचे ५,००० आणि पॉलिसींचे १२,००० सुटतात, त्यातून टर्मचे २,००० गेले, उरले १५,०००. त्यातले १०,००० मुलीचे. ५,००० अडीअडचणीला बँकेत, पतसंस्थेत नाही, जास्त व्याज देत असली तरी, तिथल्या ठेवीला बँकेसारखं ५ लाखांचं विमा संरक्षण नसतं. पिकअपवाल्या भावाकडून जे येईल ते थेट सोसायटीच्या कर्जात भरा. आणि दशमांश वर सांगितला तेवढा राहू द्या, त्याला हात लावायची वेळ आलेली नाही.

पुढच्या पत्रात मला हे पाठवा: सोसायटीचा कर्ज खातेउतारा, चारही पॉलिसींची पेड-अप किंवा सरेंडरची लेखी रक्कम, आणि त्या भावाच्या सहीच्या कागदाचा फोटो. पत्रावर मिसेसची पण सही हवी, नाहीतर मी उत्तर देणार नाही.